नोल केर्स्तनच्या चौसष्ट पाट्या

नोल केर्स्तन म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. जवळजवळ पन्नास वर्षं मी त्या माणसाशी भांडले, आणि त्यातली निम्मी भांडणं एकाच गोष्टीवरून होती: सूप किती वाजता तयार हवं. तो म्हणायचा दहाला. मी म्हणायची साडेदहाला, त्याच्या आधी टेकडीवर कोण मरायला येतंय? आणि दर वर्षी दहाला पाच कमी असताना पहिला सायकलवाला चिखलानं माखून माझ्या तंबूसमोर हजर. वाटाणे अजून भांड्यात टणटण उड्या मारताहेत, आणि नोल संध्याकाळी मला विचारणार, "काय गं रीक, कच्चे वाटाणे गोळ्यांसारखे गिळायचे असतात का?"

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी आमचा क्लब सायकलफेरी काढतो. क्लबचं नाव चिखलतुडवे. वाल नदीच्या काठच्या सखल रानांतून निघायचं, जुन्या वीटभट्टीच्या मागून, मातीच्या खाणींच्या कडेनं, मग बांध ओलांडून टेकड्यांत चढायचं, माझ्या माहेरच्या ख्रूसबेक गावाच्या वरच्या जंगलात माझं सूप प्यायचं आणि दुसऱ्या वाटेनं परत खाली. साठ किलोमीटर, त्यात डांबर औषधापुरतं. आता शहरातून येणारी पोरं याला ग्रॅव्हल म्हणतात आणि त्यासाठी वेगळी सायकल, वेगळे बूट, वेगळा चष्मा घेऊन येतात. आम्ही चाळीस वर्षं याला चिखलात हिंडणं म्हणत होतो, आणि त्याला वडिलांची जुनी सायकल पुरत होती.

नोल खालचा, नदीकाठचा. आम्ही वरचे, टेकडीवरचे. आमच्याकडचे लोक पूर्वी झाडू बांधून विकायचे, म्हणून खालचे आम्हांला झाडूवाले म्हणत. आम्ही त्यांना बेडूक म्हणायचो. जत्रेत एकमेकांची डोकी फोडण्याइतकं हे प्रेम होतं.

नोल चौदाव्या वर्षी वीटभट्टीवर लागला. खाणीतून भट्टीपर्यंत माती आणणारी छोटी रुळावरची गाडी असायची, ती तो चालवायचा. एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात आमच्या गावातल्या कुणीतरी त्याला डिवचलं, "काय रे बेडका, पाण्याबाहेर श्वास येतो का तुला? नदीपासून इथवर पाय न टेकता सायकल चढवून दाखव." आला की हा पठ्ठ्या! बर्फ नुकतं वितळलेलं, वाटा लोण्यासारख्या झालेल्या. आमच्या दारापर्यंत पाय न टेकता आला आणि दारात मात्र सायकलसकट आडवा झाला. मी खिडकीशी बटाटे सोलत होते. त्याला पहिल्यांदा मी पाहिलं. डोळे तेवढे स्वच्छ, बाकी सगळा माती. मी हसत सुटले आणि म्हटलं, "आई, दारात वीट पडलीये, भाजायची राहिलेली." माझी बहीण हानेके मात्र ओलं फडकं घेऊन बाहेर गेली.

लग्न तिच्याशी झालं. आधी मी पाहिलं होतं, हे मी कुणाला कधी बोलले नाही. आता सत्तरी उलटल्यावर बोलून कुणाचं काय बिघडणार आहे? मी पुढं खालच्याच एका भल्या माणसाशी लग्न केलं, त्याच्यावर जीव लावला, तो लवकर गेला. नोल आणि हानेके बांधावर माझ्यापासून तीन घरं पलीकडे राहायचे. बस, एवढंच ते.

फेरी सुरू केली ती नोलनं, सत्त्याहत्तर साली. पहिल्या वर्षी एकोणीस जण, त्यातले आठ झाडूवाले. वाट कळावी म्हणून त्यानं भट्टीतल्या खोक्यांच्या फळ्यांतून बाण कापले, पिवळे रंगवले. चौसष्ट पाट्या, बत्तीस वळणं. प्रत्येक वळणावर एक, आणि वळून तीस पावलांवर दुसरी. ही दुसरी कशाला, असं मी विचारलं होतं. "वळलेल्या माणसाला लगेच शंका येते," तो म्हणाला. "शंका आली की थांबतो, थांबला की गारठतो. त्याला सांगायला नको का कुणी, की बाबा बरोबर आलास?" आम्ही तिला खातरीची पाटी म्हणायचो.

पाट्या लावायचं काम तो कुणाला करू द्यायचा नाही. शनिवारी एकट्यानं लावायच्या, रविवारी सगळ्यांच्या मागून शेवटचा निघायचा आणि एकेक काढत यायचं. झाडाला खिळा नाही मारायचा, दोरीनं बांधायची, हँडलच्या उंचीवर. मध्ये तीन वर्षं फेरी झाली नाही, एकदा पुरात सगळं गाव उठवावं लागलं म्हणून आणि दोनदा वाटांवर बर्फाची काच झाली म्हणून. एरवी वादळ असो, ताप असो, नोलच्या पाट्या जागेवर. हानेके गेली त्या हिवाळ्यातसुद्धा. मी म्हटलं, "राहू दे रे या वर्षी." तर म्हणाला, "घरात बसून काय करू? भिंतीला पाट्या लावू?" आणि इतक्या वर्षांत एक पाटी चुकली नाही. क्लबात एक जुना लाकडी जोडा भिंतीला टांगलेला आहे. वर्षातली सगळ्यांत मोठी गाढवचूक करणाऱ्याचं नाव त्याच्यावर रंगवतात आणि कार्निव्हलला त्याला त्या जोड्यातून बिअर पाजतात. त्याच्यावर अर्ध्या गावाची नावं आहेत, माझं दोनदा आहे. नोलचं नव्हतं.

मग त्याचे डोळे गेले.

दोन हजार सतरा सालच्या शरदात तो माझ्याकडे कॉफीला आला आणि दाराशी टांगलेल्या माझ्या कोटाला म्हणाला, "काय रीक, बरी आहेस ना?" मी स्वयंपाकघरात होते. मला वाटलं गंमत करतोय. मग त्यानं कॉफीत साखर घातली ती बशीत. मी चमचा खाली ठेवला.

"काय दिसतंय तुला माझं?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघायचं सोडून माझ्या बाजूला बघत होता. "कान दिसतात," तो म्हणाला. "मध्ये तोंड असतं म्हणे, ते दिसत नाही. फार बिघडलं नाही त्यानं."

"नोल!"

"मधलं गेलंय, रीक. कडा राहिल्यात. जिथं बघावं तिथंच नेमका डाग येतो, म्हणून बाजूला बघायचं." डॉक्टर म्हणाले होते की हे सुधारायचं नाही, वाढेल. त्यांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं होतं. "आणि सायकल?" मी विचारलं. "सायकलचं त्यांनी विचारलं नाही," तो म्हणाला, "मी कशाला काढू?"

मग त्यानं मला शब्द मागितला. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं माझ्याकडे काही मागितलं. एकोणीस साली चाळिसावी फेरी होती. "तेवढी माझ्या हातची होऊ दे. चाळीस झाल्या की मी स्वतः यूपच्या हातात पाट्या देईन. पण त्याआधी माझ्या हातातून कुणी काढून घेता कामा नये. क्लबात कळलं, तर उद्या सकाळी समिती दारात उभी राहील, काळजी करत." यूप म्हणजे आमचा अध्यक्ष, चाळिशीतला, वरचाच, झाडूवाल्यांपैकी. मनानं चांगला, पण पोटातलं ओठावर यायला त्याला वेळ लागत नाही.

"आणि तू कुणाला पाण्यात पाठवलंस तर?"

"पाठवलंय कधी?"

नव्हतं पाठवलं. मी शब्द दिला.

अठराची फेरी बिनबोभाट झाली. एकोणिसापर्यंत त्याचा डाग वाढला होता. त्या शनिवारी मी सांगितलं की मला सुपाची जागा बघून यायचीय, तुझ्याबरोबर येते. माझी बॅटरीची सायकल, पाट्यांचं ओझं माझ्या मागच्या पिशव्यांत. तो काय समजायचं ते समजला. "राखण करायला येतेस होय? ये. पण तोंड बंद ठेवायचं, मला ऐकायचं असतं."

मी चाळीस वर्षं सूप केलं, पण नोल पाट्या कशा लावतो हे कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं आणि मी खरंच गप्प बसले. धुकं इतकं होतं की मलाच वीस पावलांपलीकडे दिसत नव्हतं. खालच्या रानांत हजारो रानहंस कलकलत होते, दिसत एकही नव्हता. नोल पुढं आरामात पायडल मारत होता. चाकाखाली विटांचा चुरा आला की करकर, माती आली की चटचट, शिंपल्यांची वाट आली की बारीक खसखस. "चुरा संपला की डावीकडे फाटक," तो म्हणायचा, आणि फाटक असायचं. कडीवर हात ठेवून सांगायचा, हे थेयसनचं, हे त्याच्या भावाचं, भावाचं गंजकं असतं. पाटी घ्यायचा, दोरीची गाठ मारायचा, वळायचा, तीस पावलं मोजायचा, दुसरी बांधायचा. टेकडीच्या बाजूला तर मला हसूच आलं. जंगलात शिरल्यावर बीचच्या झाडांच्या वाळक्या पानांचा आवाज, पाइनचा वास, मग चढाव पायांना कळतो तसा. मी धापा टाकत होते बॅटरी असून. "झाडूवाली ना तू?" तो वरून ओरडला. "मग दम कशाला लागतो?"

मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मनात म्हटलं, रीक, उगीच घोर लावून घेतलास. हा माणूस डोळे मिटून हे करू शकतो.

ही झाली परतीची वाट आणि वरची बाजू, ती आम्ही सकाळी आटपली. दुपारी जातानाची खालची. वीटभट्टीच्या मागं मातीच्या रस्त्याला विलोची बोडकी झाडं आहेत, एका रांगेत. अकराव्या विलोला उजवीकडे वळायचं, तिथून उंच वाट बांधावर चढते. बाराव्यालाही उजवीकडे एक वाट फुटते, दिसायला तशीच, सुरुवातीला विटांचा चुराही तसाच, पण ती गुरांची वाट, खाली जुन्या खाणीकडे उतरते आणि हिवाळ्यात पाण्यात संपते. नोल सायकलवरून उतरून झाडं हातानं मोजत चालला. एक, दोन, तीन. मी मागं होते, कानाला फोन. सकाळचे बन किती पाठवायचे यावरून बेकरीवाला माझ्याशी वाद घालत होता, आणि तो शहाणा दीडशे म्हणत होता नि मी दोनशे. बोलता बोलता मी बघितलं, चौथ्या-पाचव्या झाडापाशी ओढ्याच्या कडेला एक बुंधा, पेन्सिलीसारखा टोक काढलेला, भोवती ताजा भुसा, झाड पाण्यात आडवं. बीव्हर. ते दातेरी जनावर आमच्याकडे नदीकाठी सगळीकडे झालंय, रातोरात झाडं पाडतं. मी बेकरीवाल्याला म्हटलं, "थांब हं, इथं बीव्हरनं मोठा विलो पाडलाय," आणि पुन्हा बनांवर आले.

डोक्यात प्रकाश पडला नाही. मोजणाऱ्याच्या रांगेतलं एक झाड कमी झालंय, हे त्याच्यामागून चालत असताना मला सुचलं नाही. उरलेला बुंधा गुडघ्याहून खाली होता, ओढ्याच्या उतारावर, नोलच्या हाताला तो लागला नाही. अकरावा विलो म्हणून त्यानं बाराव्याला पाटी बांधली. तीस पावलांवर खातरीची.

रविवारी मी पहाटेपासून वर जंगलात. दहापर्यंत सूप तयार होतं, वेळेवर, चाळिसाव्या फेरीचा मान म्हणून. चमचा उभा राहील असं घट्ट, डुकराचं सॉसेज घातलेलं, राय धान्याच्या काळ्या पावावर मोहरीची चटणी लावून ठेवलेली. दहा वाजले, कुणी नाही. सव्वादहा झाले. साडेदहाला मी सुपाखालची आंच कमी केली. अकराला दहा कमी असताना फोन वाजला. यूप.

"रीक, नोल फोन का उचलत नाही?"

"तो सायकलवर फोन घेत नाही, तुला माहीतेय. काय झालं?"

"काय झालं? त्याच्या पाटीवरून आम्ही चाळीस जण खाणीत गेलो! धुक्यात दिसलंच नाही. माझा एक बूट खाली मातीत राहिलाय. आर्नहेमहून आलेली एक बाई कमरेपर्यंत पाण्यात गेली. तिला गाडीतून गरम घरात पाठवलंय, ठीक आहे ती, पण काय गारठली होती! दोन्ही पाट्या मी अकराव्या झाडाच्या वळणावर हलवल्या, मागचे नीट येतील. पण नोल असं कसं करू शकतो? त्याला काही झालंय का? तू शेजारी राहतेस, तुला माहीत असेल. त्याला दिसतंय ना नीट?"

मी भांड्यातला डाव धरून उभी. एकच गोष्ट डोक्यात होती: शब्द दिलाय. चाळिसावी अर्धी झाली होती, अर्धी राहिली होती. यूपला आत्ता खरं कळलं, तर तो नोलच्या पाठीवरून पाट्या उतरवून घेणार, काळजीनं, सगळ्यांसमोर.

"ती मी लावली," मी म्हटलं.

"काय?"

"काल मी त्याच्याबरोबर होते. म्हटलं, एक वळण मलाही लावू दे. लावलं. चुकलं."

यूप असा हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "रीक! चाळीस वर्षांत पहिली चुकीची पाटी, आणि ती तुझी! आणि वर खातरीचीसुद्धा लावलीस! पाण्यात चाललोय याची खातरी!"

हुश्श झालं. हसू देत, मला काय! माझं नाव जोड्यावर दोनदा आहेच, तिसऱ्यांदा रंगवा.

मग ते यायला लागले, थव्याथव्यानं, गुडघ्यापर्यंत काळे. तंबू भरला. प्रत्येक जण वाडगा पुढं करून मला एक टोमणा मारणार हे ठरलेलं. "रीक, सूप इकडे आहे ना, का बाराव्या झाडाला?" "रीक, चमचा दे, का पोहून आणू?" यूप एका पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून बाकावर चढला आणि त्यानं जाहीर केलं की या वर्षीचा जोडा कुणाचा हे ठरवायला सभा घ्यायची गरज नाही. सगळे हसले, मीही हसले. खरं तर मला बरं वाटत होतं. नोलसाठी काहीतरी केलं होतं मी, आयुष्यात एकदा.

तेवढ्यात तो आला. शेवटचा, पाठीवर काढलेल्या पाट्यांचा भारा, गालाला माती. त्यानं सायकल तंबूच्या खांबाला टेकवली आणि मान जरा तिरकी करून उभा राहिला. माझ्या लक्षात आलं की त्याला सगळं कळलंय. पाट्या काढत येताना विलोच्या रांगेत त्याच्या हाताला पाटी एक झाड आधीच लागली होती. तो उतरून मागं गेला होता, झाडं पुन्हा मोजली होती, ओढ्यात उतरून तो बुंधा चाचपला होता. बाहीवर कोपरापर्यंत ओल होती.

"नोल!" यूप ओरडला. "तुझ्या मेहुणीनं आम्हांला पोहायला पाठवलं! पाट्या मला हलवाव्या लागल्या!"

"कोण म्हणतं?"

"ती स्वतःच म्हणते."

नोल माझ्या दिशेनं वळला, माझ्या कानाशेजारून कुठंतरी बघत. मी सूप ढवळत राहिले. डोळ्यांनी त्याला विनवत होते, गप्प बस म्हणून, आणि त्याला माझे डोळे दिसत नव्हते.

"गाठ बघितलीस का, यूप?" तो म्हणाला. "पाट्या हलवल्यास तेव्हा सोडलीस ना? ती मातीगाडीची गाठ आहे. हिला बुटाची नाडी धड बांधता येत नाही."

हसणं कमी झालं.

"पाट्या मी लावल्या. मला दिसत नाही."

यूप बाकावरून खाली उतरला. "दिसत नाही म्हणजे किती दिसत नाही?"

"तुझ्या जागी एक राखाडी डाग आहे. त्याला एकच बूट आहे, असं ऐकू येतंय."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. थोडं जास्तच."

"दोन वर्षं!" यूपचा चेहरा लाल झाला. "एक बाई पाण्यात गेली, नोल. काही झालं असतं तर?"

"झालं असतं तर माझ्यामुळं झालं असतं. मी तिच्याकडे जाणार आहे, संध्याकाळी. तिचं नाव सांग मला." "मी चाळीस पुऱ्या करायच्या म्हणून लपवलं. चुकलं माझं."

"पण मग काल..." यूप गोंधळला होता. "काल पाट्या लावल्यास कशा?"

"मोजून. हातानं. चाकाखाली काय वाजतं त्यावरून. बीव्हरनं एक विलो खाल्ला, ते माझ्या हिशोबात नव्हतं."

"मी पाहिला होता तो बुंधा," मी म्हटलं. "फोनवर होते. सांगितलं नाही."

यूपनं भाऱ्याकडे बघितलं, मग नोलकडे. "सगळ्या तशाच लावल्यास? डोंगरातल्यापण? चौसष्टच्या चौसष्ट?"

"तशाच."

तंबूत कुणीतरी हळूच शिवी घातली, आश्चर्यानं घालतात तशी. तिथं प्रत्येक जण त्या वाटेनं वर्षानुवर्षं सायकल चालवणारा होता. डोळे असून, पाट्या असून, धुक्यात आपण किती वेळा चुकलो हे ज्याचं त्याला माहीत होतं.

नोल माझ्यापाशी आला. मला वाटलं, हात धरेल, काही गोड बोलेल. छे! तो रागावला होता. इतका रागावलेला मी त्याला कधी बघितला नव्हता.

"माझ्यासाठी केलंस, ते कळतं मला," तो म्हणाला. "पण त्या दोन पाट्या तुझ्या म्हटल्यास, तर बाकीच्या बासष्ट कुणाच्या, रीक?"

त्याच्या हातून कुणी पाट्या काढून घेणार नाही असा शब्द दिला होता मी, आणि सगळ्यांत आधी मीच काढून घेतल्या होत्या. तेही त्याला न विचारता, वर स्वतःवर खूश होऊन.

मी त्याला वाडगा भरून दिला. तो उभ्यानंच प्यायला, पाव मात्र खाल्ला नाही. मग माणसं एकेक करून निघाली. यूप पिशवीचा पाय पायडलवर ठेवून घुटमळत होता. शेवटी म्हणाला, "उरलेल्या अर्ध्यात मी तुझ्याबरोबर राहतो."

"पुढं राहा," नोल म्हणाला. "मागं मी असतो."

आणि तो गेला. बीचच्या जंगलातून खाली, नदीकडे, पाटी आली की थांबत, गाठ सोडत. मी भांडी घासत रडले. सांगायला लाज कशाची?

संध्याकाळी क्लबात त्यानं चौसष्ट पाट्या टेबलावर ठेवून यूपच्या हवाली केल्या. जोड्यावर त्याचं नाव रंगवायला यूप का कू करत होता, तर यानं टेबल आपटलं. मग यूपनं रंगवलं. तिथून तो यूपच्या गाडीत बसून आर्नहेमला गेला, त्या बाईची माफी मागायला. पुढच्या वर्षी ती बाई पुन्हा आली फेरीला, उंच रबरी बूट घालून, सगळ्यांना दाखवत.

माझ्याशी तो नऊ दिवस बोलला नाही. तीन घरं पलीकडे, रोज खिडकीसमोरून जायचा. दहाव्या दिवशी कॉफीच्या वेळेला दारात उभा राहिला.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.

त्यानंतर तीन वर्षं तो होता. मग एका मार्चमध्ये झोपेतच गेला. पाट्या आता यूप लावतो, नकाशाचं यंत्र हँडलला अडकवून, आणि तरी दर वर्षी एखादी चुकतेच. फेरीला नवीन आलेल्या पोरांना सुपाच्या रांगेत कुणी ना कुणी सांगतंच, की इथं एक म्हातारा होता, त्यानं न दिसता, नुसतं मोजून आणि ऐकून, धुक्यात बासष्ट पाट्या बरोबर लावल्या होत्या. पोरांना ते खरं वाटत नाही. ती माझ्याकडे बघतात, मी तिथंच डाव घेऊन उभी असते म्हणून. मी म्हणते, खरंय, मी होते त्याच्याबरोबर. माझं खोटं त्या दिवशी टिकलं असतं, तर त्यांना सांगायला कुणाकडे काहीच नसतं.